छळाची स्मृती आणि कृतज्ञतेची स्मृती : बेने इस्रायल समाजाच्या मराठी साधनांचे परीक्षण

यहुदी समाजाचा इतिहास जतन करणारी बहुतेक मोठी दप्तरे व संग्रहालये विसाव्या शतकातील युरोपीय संहाराच्या छायेत उभी राहिली. जेरुसलेम येथील याद वाशेम ही संस्था १९५३ साली कायद्याने स्थापन झाली. मृतांची नावे गोळा करणे, साक्षी नोंदवणे आणि संहाराचे कागद सुरक्षित ठेवणे हे तिचे कार्य होय. या कार्याच्या महत्त्वाविषयी दुमत संभवत नाही. परंतु या संस्थांनी स्मृतीच्या जतनाचा जो नमुना घालून दिला, त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे : यहुदी स्मृती म्हणजे प्रामुख्याने छळाची स्मृती. हे गृहीत कोकणात आणि देशावर राहिलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाला लावून पाहिले असता ते अपुरे ठरते. ज्या भूमीवर शतकानुशतके वास्तव्य केले तिच्याकडून छळ झाल्याची आठवण या समाजाच्या परंपरेत नाही. मग त्याच्या स्मृतीचे दप्तर कोणत्या तत्त्वावर रचावे, हा प्रश्न इतिहासाच्या व मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे उभा राहतो.

या प्रश्नाचा विचार मावळापासून आरंभणे अप्रस्तुत होणार नाही. लोणावळ्याहून पुण्याकडे येताना लागणारे कार्ल्याचे चैत्यगृह हे परक्या माणसांच्या स्मृतीचे या प्रदेशातील एक प्राचीन दप्तरच आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याच्या नावाबरोबरच धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे तेथील स्तंभांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. हे यवन कोठून आले, त्यांनी मूळ देश का सोडला, याविषयी त्या लेखांत एक अक्षर नाही. कोणी, कोठला आणि काय दिले, एवढेच तेथे आहे. आगंतुकाची ओळख त्याच्या दुःखावरून नव्हे, तर त्याच्या दानावरून सांगण्याची ही रीत आहे. कोकणातील बंदरांकडून घाटमाथ्यावर येणारे मार्ग याच परिसरातून जात. त्याच बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता आणि १८६३ साली लोहमार्ग झाला. कुलाबा जिल्ह्यातील गावांतून निघालेली बेने इस्रायल कुटुंबे सैन्य, रेल्वे व सरकारी कचेऱ्या यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने पुण्यात येऊन वसली. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे त्यांचे प्रार्थनामंदिर १९२१ सालचे आहे. पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात ते ओहेल डेव्हिड डेव्हिड ससून यांच्या दानातून १८६७ साली पूर्ण झाले. ते मात्र मूळचे बगदादी यहुद्यांचे होय. हा भेद पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

बेने इस्रायल समाजाच्या इतिहासाचा आधारग्रंथ म्हणून हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या इंग्रजी ग्रंथाकडे पाहिले जाते. तो १८९७ साली लिहून झाला होता, पण प्रसिद्ध झाला तो चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीव येथे. ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास अँटायोकस एपिफेनीस या राजाच्या जुलमामुळे काही यहुदी कुटुंबे गॅलिलीतून निघाली, त्यांचे जहाज चौलच्या बंदराजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगाव येथे मूठमाती देण्यात आली, असा वृत्तांत केहिमकर देतात. यातील जहाज फुटल्याची कथा समाजाच्या तोंडी चालत आलेली आहे. जुलमाचा काळ मात्र केहिमकरांनी तर्काने बसवलेला आहे. मक्काबींच्या विजयाचा हनुक्का हा सण या समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता, म्हणून पूर्वज तो विजय मिळण्याआधीच निघाले असले पाहिजेत, अशी त्यांची विचारसरणी आहे.

या विचारसरणीचे मोल आणि तिची मर्यादा, दोन्ही स्पष्ट सांगितली पाहिजेत. कागद नाही, कोरीव लेख नाही, अशा ठिकाणी सणांच्या पंचांगालाच पुराव्याचे स्थान देणे ही सूक्ष्म बुद्धीची खूण होय. परंतु एखादा सण ठाऊक नसणे याची कारणे अनेक संभवतात. तो ठाऊक होऊन विसरला गेला असेल, किंवा ज्या प्रदेशातून पूर्वज आले तेथे तो फारसा पाळला जात नसेल. अभावावरून कालनिर्णय करणे हे नेहमीच धोक्याचे असते. अलीकडे, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात या समाजाच्या वंशात मध्यपूर्वेकडील यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही धारा आढळल्या. त्याने परंपरेच्या गाभ्याला बळ मिळते, परंतु ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाला मिळत नाही. तात्पर्य, बेने इस्रायलांच्या आरंभकथेतील छळ हा आठवणीतला कमी आणि अनुमानातला अधिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शिक्षित इतिहासकाराला आपल्या समाजाच्या आरंभी छळ असावा असे वाटले, ही गोष्टच एक ऐतिहासिक साधन म्हणून तपासण्यासारखी आहे.

या तपासणीला सणांच्या जुन्या मराठी नावांची मोठी मदत होते. वल्हांडणाच्या सणाला या समाजात ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. घरातील आंबटाचे मडके झाकून ठेवण्याच्या आचारावरून ते नाव पडले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाई, तो त्या प्रसंगी जेवणात असणाऱ्या वालाच्या बिरड्यावरून. मिसर देशातील दास्य आणि मंदिराचा विध्वंस या यहुदी धर्मस्मृतीतील दोन फार मोठ्या व्यथा होत. मराठी घरात त्या उरल्या त्या मडक्याच्या झाकणात आणि बिरड्याच्या वाटीत. यावरून स्मृती नष्ट झाली होती असे म्हणता येणार नाही. आचार टिकला होता, आख्यान मात्र गळून पडले होते.

ते आख्यान परत आले ते छापखान्याच्या द्वारे. कोचीनहून आलेले यहुदी शिक्षक, मिशनऱ्यांच्या शाळा, आणि जॉन विल्सन यांचे १८३२ सालचे मराठीतील हिब्रू व्याकरण यांनी त्याची पूर्वतयारी केली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या हग्गादा या ग्रंथाचे मराठी भाषांतर १८४६ साली मुंबईत छापले गेले. १८७४ साली पुण्यात हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर असलेली सचित्र हग्गादा निघाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पुण्याची ही आवृत्ती अत्यंत महत्त्वाची आहे. तिच्यातील चित्रांवर युरोपीय हग्गादांची छाप आहे, तथापि बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मात्र एतद्देशीय वेषात, जमिनीवर बसून काम करताना दाखवल्या आहेत. ज्या पुस्तकाचा विषयच दास्य आणि सुटका हा आहे, त्या पुस्तकात सुटका झालेले लोक महाराष्ट्रातील घरात बसलेले दिसतात. हग्गादेचे मराठीकरण केवळ शब्दांचे नाही, हे या एका चित्रावरून कळते. ‘दास’, ‘जुलूम’, ‘सुटका’ या शब्दांना जी मराठी अर्थवलये आहेत त्यांच्यासह ही कथा पुण्यातील कुटुंबांनी स्वीकारली. जोसेफ इझीकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची जी मराठी भाषांतरे केली, तीही याच परंपरेतील आहेत. मराठी गद्याच्या इतिहासात या भाषांतरांना जे स्थान मिळावयास हवे होते ते अद्याप मिळालेले नाही.

समाजाची स्वतःची स्मृती कोणत्या वळणाची होती याचे उदाहरण मुंबईच्या पहिल्या प्रार्थनामंदिरात सापडते. सॅम्युएल इझीकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या सैन्यातील अधिकारी म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले, तेथून जिवानिशी सुटले, आणि त्या सुटकेच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी १७९६ साली हे मंदिर बांधले, असे परंपरा सांगते. येथे बंदिवास आहे, मृत्यूचे भय आहे. पण स्मारक झाले ते भयाचे नव्हे, फेडलेल्या नवसाचे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणाऱ्या मलिद्याचा आचारही याच वळणाचा आहे. नवस फेडताना पोहे, नारळ आणि फळे यांचे ताट मांडून आभार मानले जातात. कार्ल्याच्या स्तंभावरील यवन आणि मुंबईचे दिवेकर यांच्यात सतराशे वर्षांहून अधिक अंतर असले तरी स्मृतीची रीत एकाच जातीची आहे.

कृतज्ञतेच्या या स्मृतीला जो खरा आघात बसला तो भारतात नव्हे, तर इस्रायलमध्ये, स्वधर्मीयांकडून. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे गेले. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने असा निर्देश दिला की, या समाजातील व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह लावताना तिच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. या निर्देशाविरुद्ध समाजाने मोठे आंदोलन केले. १९६४ साली इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी यहुदीच आहेत असे जाहीर केल्यावर तो वाद बव्हंशी शमला. या प्रकरणाला युरोपातील छळाच्या पंक्तीला बसवणे अयुक्त होईल. परंतु दप्तरविद्येच्या दृष्टीने त्यातून निघणारा बोध कठोर आहे. ज्या समाजाची स्मृती गावावरून पडलेल्या आडनावांत, नवगावच्या लेखविरहित थडग्यांत आणि स्वयंपाकघरातील आचारांत होती, त्याच्याकडे पिढ्यांचा पुरावा मागितला गेला. नवगावकर, पेणकर, केहिमकर, दिवेकर ही आडनावे कोकणात कुळाचा ठावठिकाणा सांगतात. जेरुसलेमच्या कचेरीत ती मुकी झाली. दप्तर हे केवळ भूतकाळाच्या आदरासाठी नसते. माणसाला आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याची पाळी येते तेव्हा ते त्याचे साक्षीदार असते.

यानंतर प्रश्न येतो तो संग्रहालयांचा. जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयाने १९९५ साली भारतीय यहुद्यांविषयी मोठे प्रदर्शन भरवले. कोचीनच्या एका प्रार्थनामंदिराचा अंतर्भागही त्या संग्रहालयात पुन्हा उभारलेला आहे. अशा उपक्रमांनी वस्तू वाचतात. परंतु वस्तूभोवतीची भाषा वाचतेच असे नाही. एकच उदाहरण पुरेसे आहे. एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा ज्या खडकावर दाखवतात ते खंडाळे अलिबागजवळचे होय. लोणावळ्याशेजारचा घाटमाथ्यावरील खंडाळा त्याहून निराळा. मराठी व या मुलखाचा भूगोल यांचा परिचय नसलेल्या सूचिकाराच्या हातून ही दोन्ही स्थळे एक होणे सहज शक्य आहे, आणि सूचीत एकदा शिरलेली चूक पिढ्यानुपिढ्या ग्रंथांतून फिरत राहते.

इकडे महाराष्ट्रात छळाच्या स्मृतीची स्थळे नाहीत असे नाही. दुसऱ्या महायुद्धात पुरंदर किल्ल्यावर जर्मन नागरिकांना नजरकैदेत ठेवण्यात आले. हिटलरच्या राज्यातून निसटलेल्या यहुद्यांनाही तेथे ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ हेच नाव मिळाले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते बहुसंख्य कॅथलिक होते. मुंबईतील नरिमन हाउसवर २००८ च्या नोव्हेंबरात झालेल्या हल्ल्याच्या बळींचे स्मारक त्याच वास्तूत आहे. ही सर्व स्थळे जतन झालीच पाहिजेत. परंतु ती प्रायः बाहेरून आलेल्यांच्या दुःखाची स्थळे आहेत. महाराष्ट्रातील यहुदी इतिहास म्हणून केवळ तीच पुढे ठेवली गेली, तर येथे नांदलेल्या समाजाचा इतिहास त्यांच्या आड जाईल. उलट पक्षी, येथे छळ झाला नाही या गोष्टीचा अभिमान मिरवण्यासाठीही या समाजाचा उपयोग करून घेणे योग्य नव्हे. यजमानाच्या औदार्याची साक्ष देणे एवढेच काही पाहुण्याच्या इतिहासाचे प्रयोजन नसते, आणि इतक्या शतकांनंतर बेने इस्रायलांना पाहुणे म्हणणेही चूक आहे.

एके काळी सुमारे वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज भारतात आता काही हजारांवर आला आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. या दर्जाने कागद आपोआप सुरक्षित होत नाहीत. प्रार्थनामंदिरांच्या विवाहनोंदी, कीर्तनांच्या वह्या, मराठी नियतकालिकांचे अंक आणि घरोघरच्या हग्गादा या साधनांना हिब्रू व मराठी दोन्ही जाणणारा वाचक हवा. असे वाचक दिवसेंदिवस विरळ होत आहेत. हिब्रू जाणणाऱ्या अभ्यासकाला मराठी मजकूर हा अडसर वाटतो, आणि मराठीच्या अभ्यासकाला हे वाङ्मय परधर्मीय म्हणून आपल्या कक्षेबाहेरचे वाटते. या दोन उपेक्षांच्या मध्ये ही साधने पडून आहेत. यांतील पहिली उपेक्षा दूर करणे परदेशी संस्थांच्या हाती आहे. दुसरी दूर करण्याची जबाबदारी महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी व इतिहास विभागांवरच येते. कार्ल्याचे लेख वाचले गेले, म्हणून धेनुकाकटच्या यवनांची नावे आज उच्चारता येतात. पुण्यात छापलेल्या हग्गादेची मराठी वाचणारा कोणी उरला नाही, तर ते पुस्तक काचेच्या कपाटात सुरक्षित राहील आणि तरीही हरवलेले असेल.