पूर्वजाचे चरित्र : बाळशास्त्री जांभेकरांच्या निमित्ताने

अव्वल इंग्रजीतील अग्रणींची चरित्रे लिहिताना आदर हा साधनांच्या आड येतो, याचे ठळक उदाहरण बाळशास्त्री जांभेकर हे होय. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. पुढे हीच तारीख शास्त्रीबोवांचा जन्मदिवस म्हणूनही पाळली जाऊ लागली! संपादकाचा जन्म पत्राच्या जन्मात मिसळून गेला.

१९५० साली गणेश गंगाधर जांभेकरांनी बाळशास्त्र्यांचे लेखन व तत्संबंधी कागदपत्रे खंडशः प्रसिद्ध केली, हे उपकार मोठेच. परंतु आधुनिक महाराष्ट्राच्या जनकत्वाचा मान ग्रंथनामातच बहाल केलेला असल्याने पुरावा वाचण्यापूर्वीच निकाल हाती पडतो.

चरित्रकाराची खरी कसोटी लागते ती १८४३ च्या श्रीपत शेषाद्रि प्रकरणी. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला. मिशनऱ्यांकडे राहिलेला श्रीपत न्यायालयामार्फत परत मिळाला, तेव्हा त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, असा आग्रह बाळशास्त्र्यांनी धरला व सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. कोणी यात सुधारक पाहील, कोणी धर्मरक्षक. वस्तुतः शास्त्राधारानेच रूढीला वाकविण्याची ही रीत आहे. आणि ताम्रपटांचे वाचन करणाऱ्या, १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापणाऱ्या पंडिताला ती साजेशीच आहे. त्यांना नुसते आद्य पत्रकार म्हणून मोकळे होणे मला अपुरे वाटते. ‘दर्पणा’त इंग्रजी व मराठी स्तंभ शेजारीशेजारी असत. राज्यकर्त्यांशी आणि स्वजनांशी हा गृहस्थ एकाच सुरात बोलतो की निरनिराळ्या, हे ते ताडून पाहिल्यावाचून कळणार नाही. अभ्यासकाने हे काम आधी हाती घ्यावे. जन्मतारखेचा वाद मागाहून.