'बनगरवाडी'त कुठे हसावे?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. सीमाभागातल्या एका शाळेत नववीच्या वर्गाला मी ती अनेक वर्षे मोठ्याने वाचून दाखवली. दरवर्षी मुले एकाच जागी खदखदून हसत. कारभाऱ्याची अंजी मास्तरांना चोळी शिवून आणायला सांगते आणि मास्तर ती आणतातही, ती ही जागा.

दोष मुलांचा नव्हे. स्वतः माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार यांच्या कथाकथनाला आपण गर्दी केली आणि खेड्यातली बोली कानी पडली की हसायचेच, अशी सवय लावून घेतली. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिच्या घरी मेंढरे होती. बोलणे निम्मे कानडी, निम्मे मराठी. ती म्हणाली, "सर, मास्तरांची बदली होईल. अंजीनं कुठं जायचं?"

त्या रात्री मी कादंबरी पुन्हा उघडली. वाडीला मास्तर केवळ शिकवायला नको असतो. त्याने अडीअडचणीला धावावे, तंटे ऐकावेत, आणि वर चारित्र्यालाही डाग लागू देऊ नये. हे सारे एका कोवळ्या पोराकडून! या तफावतीतून इथला विनोद जन्मतो. निवेदक मास्तरच असल्याने तो आधी त्याच्यावरच उलटतो, धनगरांच्या अडाणीपणावर नाही. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औत ओढते, तेव्हा माडगूळकर ना हसवत, ना रडवत. जे घडले ते सांगतात.

चोळीचा बोभाटा होतो, तिथे मात्र हसण्याची किंमत कळते. मास्तरांच्या भोळेपणाला हसता येते, कारण त्यांना दुसरी शाळा आहे. अंजीला वाडीखेरीज काही नाही. तिच्या मनात काय चालले आहे, हे मास्तरांच्या नजरेतून पुरते दिसत नाही. कादंबरीची ही मर्यादा मान्य करायला हवी.

पुढे मी वर्गाला विचारू लागलो, "हसलात ते ठीक, पण कोणाला?"

हीच मुलगी जूनमध्ये पहिल्यांदा वाचायला उभी राहिली, तेव्हा तिच्या कानडी हेलाला सारा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो.