‘अंगणवाडी’ : संज्ञा आणि तिची कसोटी

शिशुसंगोपनासाठी मराठीने ज्या संज्ञा घडविल्या, त्यांतील प्रत्येकीत बालकाविषयीची एक भूमिका अनुस्यूत आहे. ‘पाळणाघर’ या शब्दात सांभाळ प्रधान आहे. ‘बालवाडी’त बालक रोपासारखे जोपासले जाते. ‘अंगणवाडी’ ही संज्ञा वरवर स्थलवाचक दिसते; तथापि तिच्यामागील विचार गतीचा आहे. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा तो विचार होय.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेले व पुढे कोसबाडच्या टेकडीवर विस्तारलेले कार्य म्हणजे या विचाराचे प्रत्यक्ष रूप. महागड्या मॉन्टेसोरी-साधनांच्या जागी तेथे खडे, बिया, पाने, शिंपले आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अंगणातील वस्तूंना अशा रीतीने शैक्षणिक प्रतिष्ठा लाभली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर रूढ झाला. योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. आहार मोजता येतो, वजन नोंदवता येते. मुलाशी झालेल्या संभाषणाला मात्र तराजू नाही. म्हणूनच गुणवत्तेच्या चर्चेत ते मागे पडते.

अंगणातील वस्तू स्वीकारली, पण अंगणातील भाषेचे काय? सावनेर हा नागपूर जिल्ह्यातील मध्य प्रदेशच्या सीमेलगतचा तालुका. येथील तीन वर्षांचे मूल ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ ही रूपे घेऊन अंगणवाडीत येते. ‘मले, तुले, त्याले, पोराले’ ही मालिका ‘मला, तुला, त्याला, पोराला’ या मालिकेइतकीच नियमबद्ध आहे. ‘ले’ हा प्रत्यय अपभ्रष्ट नव्हे; तो त्या बोलीचा विभक्तिप्रत्यय आहे. तीन वर्षांच्या वयात तो अचूक लावणारे मूल व्याकरण शिकूनच आलेले असते. अशा मुलाला ‘मले नाही, मला म्हण’ असे पदोपदी बजावले, तर प्रमाणभाषेआधी ते मौन शिकते.

पुढील शिक्षण प्रमाण मराठीतून व्हावयाचे असल्याने ती लवकर शिकवावी, हा आक्षेप निराधार नाही. परंतु शिकविणे आणि खोडणे यांत भेद आहे. मुलाने ‘मले पानी पायजे’ म्हणावे व ताईने ‘तुला पाणी पाहिजे? घे बाळा’ असे उत्तर द्यावे. येथे प्रमाणरूप कानी पडते, तहानही भागते आणि अपमान होत नाही. सेविका स्थानिक असावी, हा योजनेतील नियम या दृष्टीने मोलाचा आहे. मुलाची बोली जाणणारी स्त्री समोर असणे हे शैक्षणिक भांडवल होय. घरी ‘मले’ म्हणणारी ताईच उंबरठ्यावर ती बोली उतरवून ठेवू लागली, तर ते भांडवल वाया जाते.

अंगणवाडीची खरी कसोटी भिंतीवरील अक्षरतक्त्यात नाही. मूल तेथे किती वेळ, किती निःशंकपणे बोलते, यात ती आहे. मुलाची बोली बाहेर ठेवणाऱ्या खोलीत ‘वाडी’ असेल, ‘अंगण’ नसेल.