चिठ्ठीने निघालेली ओळ

जर्मनीच्या पूर्व टोकाला, झेक आणि पोलिश सीमांजवळ, हर्नहुट नावाचं लहानसं गाव आहे. मोरावियातून धर्मछळाला कंटाळून आलेल्या लोकांनी १७२२ साली ते काउंट झिंझेनडोर्फच्या जमिनीवर वसवलं. ३ मे १७२८च्या संध्याकाळी, भजनाच्या बैठकीत, झिंझेनडोर्फने जमलेल्यांना दुसऱ्या दिवशी मनात घोळवायला एक ओळ दिली. मग तो रोजचा रिवाजच झाला. सकाळी कोणीतरी ती ओळ घेऊन घरोघर जाई. गावात घरं होती तीसेक. निरोप्या ओळ सांगून पुढे सटकत नसे. घरात कोण आजारी आहे, कोणाचं मन कशात अडकलंय, हेही विचारी. १७३१पासून वर्षभराच्या ओळींचं पुस्तक छापलं जाऊ लागलं आणि ते आजही दरवर्षी निघतं. त्याचं नाव ‘लोझुंगेन’.

उघडून पाहिलं तर पुस्तक अगदी साधं दिसतं. तारीख आणि खाली तीन छोटे मजकूर. चित्र नाही, विवेचन नाही, ‘आजचा संकल्प’ नाही. पण या तिन्ही मजकुरांची घडण पाहण्यासारखी आहे. पहिली ओळ बायबलच्या जुन्या करारातली, आणि ती कोणीही निवडलेली नसते. हर्नहुटमध्ये एका पात्रात सुमारे अठराशे वचनांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या असतात. त्यांतून वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक उचलली जाते, तीही तीन वर्षं आधी, कारण पुढे साठांहून अधिक भाषांतली भाषांतरं व्हायची असतात. दुसरी ओळ नव्या करारातली. ती मात्र माणूस निवडतो, पहिली ओळ समोर ठेवून. तिसरा मजकूर एखाद्या स्तोत्राचं कडवं किंवा प्रार्थना.

मला यातली दुसरी ओळ फार आवडते. ती निवडणारा हा त्या चिठ्ठीचा पहिला वाचक. नशिबाने हातात काहीही येऊ शकतं: सांत्वन, दटावणी, एखादा रुक्ष हुकूम. त्याला ते परत पात्रात टाकता येत नाही. त्या ओळीशेजारी दुसरी कोणती ठेवली म्हणजे दोघी एकमेकींना उजळतील, एवढाच विचार तो करू शकतो. म्हणजे आपल्या हाती ओळ येते तेव्हा तिच्यावरचं एक मनन आधीच झालेलं असतं, पण कोणी ते समजावून सांगत बसत नाही. ते फक्त शेजारी छापलेलं असतं. एवढा संयम फार थोड्या टीकाकारांना साधतो!

चिठ्ठी म्हटल्यावर आपल्याला कोकणातला, गोव्यातला कौल आठवणारच. देवाच्या अंगाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. पण कौल लावणारा प्रश्न घेऊन येतो. लोझुंगेनची ओळ प्रश्नाच्या आधीच पडून राहिलेली असते. तुमची अडचण जन्माला येण्यापूर्वीच ती छापखान्यात गेलेली असते. (हर्नहुटच्या याच समाजात एके काळी लग्नंही चिठ्ठी टाकून ठरत. ती सक्ती १८१८मध्ये सुटली. ओळीपुरती चिठ्ठी राहिली हे बरंच झालं.)

अशी ओळ किती खोल जाऊ शकते ते डीट्रिख बोनहॉफरच्या कागदपत्रांत दिसतं. नाझींना विरोध करणारा हा तरुण पाद्री १९३९च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला होता. २० जूनला त्याने तिथे थांबण्याची संधी नाकारली. त्या दिवशीची ओळ देवाच्या कठोर न्यायाची होती, आणि रोजनिशीत त्याने तिच्यापुढे स्वतःला उभं केलं: आपल्या निर्णयात भीती किती, स्वार्थ किती? जुलैमध्ये तो जर्मनीला निघाला. १९४३च्या एप्रिलमध्ये अटक झाली. पुढच्या वर्षी, २० जुलै १९४४ला, हिटलरला बॉम्बने मारण्याचा कट फसला. त्या कटवाल्यांशी बोनहॉफरचाही संबंध होता. बर्लिनच्या टेगल तुरुंगातून त्याने दुसऱ्या दिवशी मित्राला पत्र लिहिलं आणि कालची व आजची ओळ विशेष आवडल्याचं कळवलं. कालची ओळ होती रथांवर नि घोड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांबद्दलची. आजची, मेंढपाळाची. सेनाधिकाऱ्यांचा डाव उधळला त्याच दिवशी रथ-घोडे! कोणी निवडून दिली असती तर ती ओळ क्रूर टोमणा ठरली असती. चिठ्ठीने आली म्हणून तिच्यात दुष्टावा नव्हता आणि तिचा अर्थ लावणं सर्वस्वी त्याच्यावर आलं. ९ एप्रिल १९४५ला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं.

गंमत अशी की, सुट्या ओळींच्या मर्यादेबद्दल बजावणाराही हाच माणूस. १९३९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गेमाइन्झामेस लेबेन’ या पुस्तकात त्याने स्पष्ट म्हटलं आहे की, दिवसाची ओळ म्हणजे सगळा धर्मग्रंथ नव्हे आणि ती सलग वाचनाची जागा घेऊ शकत नाही. ओळीवर जीव असलेल्यानेच हे म्हणावं, म्हणून ते पटतं.

आपल्याकडे शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापासून पहाटे पाच वाजता येणाऱ्या गुलाबफुलांच्या संदेशांपर्यंत रोजच्या वचनांची रेलचेल आहे. मला त्यांचा राग नाही. एकट्या राहणाऱ्या आत्याचा ‘सुप्रभात’ आला म्हणजे ती बरी आहे, एवढं कळतं, आणि हर्नहुटचा निरोप्या याहून वेगळं काय करत होता? अडचण निवडीची आहे. पाठवणाऱ्याने ओळ आपल्याला आवडेल म्हणून किंवा लागेल म्हणून निवडलेली असते. मग आपण ओळ वाचतच नाही, पाठवणाऱ्याचा हेतू वाचतो. ‘अहंकार’ हा शब्द असलेला सुविचार घरच्या समूहावर पडला की, तो कोणाला उद्देशून आहे यावर दुपारपर्यंत फोन सुरू असतात.

हर्नहुटची पद्धत हा संशयच उरू देत नाही. लोझुंगेनच्या कितीतरी आवृत्त्या निघतात: मोठ्या अक्षरांची, तरुणांसाठीची, मूळ हिब्रू-ग्रीक मजकुराची. मी मात्र लिहिण्याच्या आवृत्तीच्या बाजूचा. तिच्यात तीन मजकुरांच्या जोडीला मोकळी जागा सोडलेली असते, आणि तिथे काय लिहायचं याची सूचना कुठेही नसते.