स्वच्छ इंधन आणि अस्वच्छ हात

‘स्वच्छ इंधन’ हा शब्द आज सरकारी पत्रकांत, अग्रलेखांत आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतही सारखा भेटतो. कोळसा अस्वच्छ, म्हणून तो जावा; अणू, वायू, सूर्य स्वच्छ, म्हणून ते यावेत. कोळशाच्या धुराची बाजू घेण्याचे मला कारण नाही. परंतु ज्या समाजाने ‘स्वच्छ’ आणि ‘अस्वच्छ’ या शब्दांनी माणसांची वाटणी केली, त्या समाजातील लेखकाने हा शब्द तपासल्याखेरीज स्वीकारू नये.

त्यासाठी बोईसर-तारापूर पुरेसे आहे. पश्चिम भारत कोळसाखाणींपासून दूर, कोळसा वाहून आणणे महाग, म्हणून अणुवीज परवडेल, हा तारापूरमागचा एक मुख्य युक्तिवाद होता. 1969 च्या ऑक्टोबरमध्ये तेथील दोन अणुभट्ट्या रीतसर वीज देऊ लागल्या. खाणीचा कोळसा दूर म्हणून युरेनियम अमेरिकेहून आणले. 1974 च्या पोखरण स्फोटानंतर तो पुरवठा अडखळला आणि फ्रान्सकडे जावे लागले. या केंद्राच्या चिमणीतून कोळशाची राख उडत नाही, हे खरेच. पण वापरून उरलेले इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागते आणि ते तारापूरलाच साठवलेले आहे. पुढे प्रत्येकी 540 मेगावॅटच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. शेतकरी-मच्छीमारांच्या पुनर्वसनाचे भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेले. एवढे होऊन कोळसा टळला का? त्याच किनाऱ्यावर, उत्तरेला डहाणूला, 1995 च्या सुमारास 500 मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र उभे राहिलेच.

इंधनाचा हिशेब कसा मांडावा, याचा धडा आपल्याला घरातूनच मिळालेला आहे. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेबांकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते होते; विजेचे धोरणही त्याच खात्याकडे होते. देशाच्या औद्योगिकीकरणासाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी, असा त्यांचा आग्रह होता. तेच बाबासाहेब डिसेंबर 1943 मध्ये धनबाद परिसरातील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. 1944 साली खाणमजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. वीज आणि मजूर हे दोन विषय त्यांनी वेगळे मानले नाहीत.

आपल्या साहित्याने मात्र ते वेगळे मानले. आपल्या कवितेत सूर्य, ज्योत, मशाल पुष्कळ आहेत. प्रकाश म्हणजे मुक्ती हे प्रतीक एके काळी आवश्यक होते. आज ते वापरून गुळगुळीत झाले आहे. दिव्यामागची तार कोणाच्या शेतातून गेली, हे त्यात येत नाही. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मीच पहिला. आमच्याकडे इंधन म्हणजे आईच्या डोक्यावरची मोळी होती. अशा घरांतून आलेल्या लेखकांनी तरी इंधनाकडे ओझे म्हणून पाहायला हवे होते.

अण्णा भाऊ साठे यांनी वेगळ्या वाटेने ते केले. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा खाण बंद पडल्यावर प्रेताची राख चाळून सोने शोधतो. समीक्षकांनी कथेतील भीषणतेची तारीफ केली. मी ती कथा वर्गात शिकवतो तेव्हा, ज्यांचे वडील औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबतात ती मुले भीषणतेपाशी थांबत नाहीत. ती विचारतात : सर, खाण बंद करताना मजुरांना विचारले होते का?

हीच खरी समीक्षा आहे. उद्या कोळशाची केंद्रे बंद होतील, ती व्हावीतही. पण ‘स्वच्छ’ म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी सांगाव्या लागतील : जमीन कोणाची गेली, काम कोणाचे सुटले, आणि उरलेला कचरा कोणाच्या दारात ठेवला. ही उत्तरे जो लेखक मागणार नाही, त्याच्या कवितेतील सूर्याशी आपले काही देणेघेणे नाही.