आखूडशिंगी, बहुदुधी आणि सव्वा किलो

गाय आखूडशिंगी असावी, बहुदुधी असावी, शिवाय चारा कमी खाणारी असावी, अशी अपेक्षा घेऊन कोणी आमच्या खानदेशातल्या गुरांच्या बाजारात आला, तर व्यापारी त्याला चहा पाजतात आणि पुढच्या एस.टी.त बसवून देतात. गायीच्या बाबतीत हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. पण तोच गृहस्थ लॅपटॉपच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "वजनाला हलका हवा, कामाला दणकट हवा, बॅटरी दिवसभर टिकायला हवी," तर विक्रेता त्याला एस.टी.त बसवीत नाही. तो म्हणतो, "आहे ना साहेब! कालच आलाय."

मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. यंत्राच्या पोटातले मला काही कळत नाही, असे आमच्या शाखेतल्या तमाम मंडळींचे एकमत आहे. शाखेत एकमत व्हायचा हा एकमेव विषय. परंतु वाणिज्य शाखेने मला एक गोष्ट पक्की शिकवली. लुका पॅचिओली नावाच्या इटालियन साधूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत सांगितली, तिचे सार असे की कुठे काही जमा दिसले की कुठेतरी तेवढेच नावे पडलेले असते. हलक्या लॅपटॉपच्या जाहिराती वाचताना मी हाच चष्मा लावतो. जमेची बाजू जाहिरातीत असते. नावेची बाजू आपण शोधायची.

शोधायचे निमित्त भाचीचे. ती सिव्हिल इंजिनिअर. इमारतींचे सांगाडे कागदावर उभे करायचे, कोणत्या खांबावर किती भार येईल याचे गणित मांडायचे, हा तिचा व्यवसाय. काम पुण्या-नाशिकचे, पण राहणे पिंपळनेरला. आठवड्यातून दोन-तीनदा साक्री, धुळे, कधी चरणमाळच्या घाटाने नवापूर, अशा चकरा. लॅपटॉप पाठीवर. चांगला मिळाला तर गावात राहून धंदा चालेल, नाही तर पुण्यात खोली बघावी लागेल, इतका साधा हिशेब. पैसे निम्मे आमच्या दाजींच्या कांद्याचे आणि निम्मे कर्जाचे. हलक्याची किंमत जास्त हे ऐकून दाजी अहिराणीत एवढंच म्हणाले, "वजन कमी नि पैसा जास्त? आसा भाव कांदासले कव्हय भेटी?"

प्रश्न अर्थशास्त्राचा होता आणि बी.कॉम.ला त्याचे उत्तर नव्हते.

दोन स्थळे सांगून आली होती. एक सडपातळ, सव्वा किलोचे. दुसरे भारदस्त, अडीच किलोचे, वर त्याचा चार्जर पाऊण किलोचा. हुंड्यात वीट दिल्यासारखा.

आता वजनाचे कौतुक नवे नाही. 1981 साली ऑसबोर्न-1 नावाचा संगणक आला, तो 'उचलून नेता येणारा' म्हणून गाजला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची. अकरा किलोचे काहीही उचलून नेता येते, प्रश्न पुढे पाठीचे काय होते एवढाच. तिथपासून निघालेली गाडी 2008 च्या जानेवारीत अशा ठिकाणी पोचली की स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ती पहिली मॅकबुक एअर, वजन 1.36 किलो. टाळ्यांच्या गडबडीत पाकिटात काय नव्हते याकडे फार कोणी पाहिले नाही. सीडीची खाच नव्हती, नेटवर्कच्या वायरीचे भोक नव्हते, आणि यूएसबीचे भोक एकच होते. पुढे तर चौदा इंची एलजी ग्रॅमचे वजन कंपनीने 999 ग्रॅम सांगितले. बाटाच्या दुकानाबाहेर वजनाची अशी पाटी मी पहिल्यांदाच पाहिली.

माझे म्हणणे असे की वजन नाहीसे होत नाही, त्याची बदली होते. आमच्या बँकेतही नकोसा माणूस कधी कमी होत नाही, दुसऱ्या शाखेला जातो. लॅपटॉपच्या वजनाची पहिली बदली पिशवीत होते. यंत्राला भोके दोन, म्हणून पेनड्राइव्हसाठी एक जोडतुकडा, प्रोजेक्टरसाठी दुसरा, नेटवर्कसाठी तिसरा. भाचीला एका कचेरीत नकाशा दाखवायचा होता, तिथला प्रोजेक्टर जुन्या जाड केबलचा. मैत्रिणीचा मागून नेलेला सडपातळ लॅपटॉप आणि तो प्रोजेक्टर अर्धा तास एकमेकांकडे नुसते बघत राहिले. शेवटी तिने नकाशा तोंडी सांगितला.

दुसरी बदली उन्हात होते. प्रोसेसर म्हणजे शेवटी विजेची शेगडीच. सडपातळ यंत्रातला साधारण पंधरा वॅटच्या आसपास सतत खातो, भारदस्तातला पंचेचाळीस आणि वर. जेवढी वीज आत, तेवढी उष्णता बाहेर. भारदस्ताच्या पोटात पंखे आणि तांब्याच्या नळ्या असतात, वजन त्याचेच. 2020 च्या एम-वन मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. छोट्या कामाला ती विलक्षण चपळ, आवाज शून्य. पण एखादे गणित अर्धा तास चालले की अंग तापते आणि यंत्र स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करते. उन्हात बारा ते चार आपण करतो तेच. त्या यंत्राच्या कागदपत्रांत वापरण्याजोगे तापमान 10 ते 35 अंश दिलेले आहे. धुळे जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीत कधी दहाच्याही खाली उतरतो. म्हणजे कागदावर पाहिले तर या यंत्राला आमच्याकडे उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही सुट्ट्या.

तिसरी बदली भविष्यात होते. सडपातळ करण्याच्या नादात रॅम मूळ पाटीवरच डाखून टाकतात. त्या एम-वनची जास्तीत जास्त रॅम 16 जीबी. आज आठची घेतली तर ती जन्मभर आठच. नकाशे दरवर्षी जाड होतात, यंत्र तेवढेच राहते. शिवाय भाचीची स्टॅड आणि रेव्हिट ही सॉफ्टवेअरे विंडोजवर चालणारी. तेव्हा मॅकचे स्थळ पत्रिका न जुळल्याने तसेही बाद.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग भारदस्तच बरा. थांबा. नावेची बाजू त्यालाही आहे, आणि ती पिंपळनेरला जास्त दिसते, कारण आमच्याकडे वीज सांगून जात नाही. हिशेब अगदी चौथीतला आहे. बॅटरी 90 वॅट-अवरची, यंत्र 60 वॅट खाते, म्हणजे दीड तास. सडपातळाची बॅटरी 50 ची, पण तो खातो 10, म्हणजे पाच तास. आणि बॅटरी मोठी करावी म्हटले तर तिथेही कुंपण आहे. विमानात विनापरवानगी बरोबर नेता येणारी मर्यादा 100 वॅट-अवरची, म्हणून मोठमोठे लॅपटॉप 99 वर येऊन थबकतात. पिंपळनेरहून साक्रीला विमान जात नाही, तरी विमानाचा नियम लाल परीतल्या प्रवाशाला लागू. आणि सव्वातीन किलो खांद्यावर घेऊन स्टँडवर उभे राहणे, हा भार कोणत्या खांबावर येतो हे इंजिनिअर मुलीला मी काय सांगावे!

घरी टेबलावरचा मोठा संगणक आणि पाठीवर हलका लॅपटॉप, असा दुहेरी संसारही आम्ही मांडून पाहिला. त्याच पैशात टेबलावरचा जास्त काम करतो हे खरे. पण वीज गेली की तो बसतो, मग इन्व्हर्टर आला, आणि अर्धे नकाशे इकडे, अर्धे तिकडे. दोन घरांचा संसार पुराणात देवांनाही जड गेलेला आहे.

तेव्हा मी तिला बँकेतला उपाय सांगितला. आठ दिवस रोजकीर्द लिही. किती वेळ यंत्र पाठीवर, किती वेळ नकाशा काढण्यात, आणि किती वेळ खरोखर दम लागणारे गणित. मुलगी प्रामाणिक, तिने लिहिले. आठवड्याअखेर बाकी काढली. प्रवासाच्या दिवशी पाठीवर अडीच तास, नकाशे रोज पाच-सहा तास, आणि घाम काढणारे गणित दिवसाला वीस-पंचवीस मिनिटे. म्हणजे त्या पंचवीस मिनिटांसाठी अडीच किलो उचलायचे, किंवा त्या अडीच तासांसाठी पंचवीस मिनिटे जरा लांबवायची. पंचवीसाची चाळीस झाली तर तेवढ्यात चहा होतो. खांदा मात्र चहाने भरून येत नाही.

निकाल असा लागला. सव्वाचा नाही, अडीचचाही नाही, दीड किलोच्या आसपासचा. पोटात पंखा हवाच. रॅम 16 जीबी, पण पुढे वाढवायला एक खाच मोकळी. प्रोजेक्टरचे आणि यूएसबीचे भोक अंगचे, उसने नव्हे. दिसायला सामान्य; पाकिटातून काढला तर टाळ्या पडणार नाहीत. विक्रेत्याने असले मॉडेल मागच्या फळीवर ठेवले होते, कारण त्याच्याबद्दल सांगण्यासारखे काहीच नव्हते. कुटुंबवत्सल माणसांचे असेच होते.

किंमत सडपातळापेक्षा कमी निघाली, तेवढी कर्जाची रक्कम घटली आणि पुण्याच्या खोलीचा विषय तूर्त मागे पडला. दाजींनी यंत्र हातात घेऊन कांद्याची गोणी जोखावी तसे जोखले आणि मान हलवली. त्यांच्याकडून एवढी पसंती जावयालाही मिळणे कठीण.

कर्जाचा अर्ज मीच भरून दिला. बावीस पाने झाली, जामीनदारांचे कागद वेगळे. फाइल उचलून साहेबांच्या टेबलावर नेली, तेव्हा ती लॅपटॉपहून जड लागली. हे वजन कमी करणारे मॉडेल अजून कोणत्याही कंपनीने काढलेले नाही.