रस्ता आधी, पाणी नंतर: बारामती-इंदापूरच्या वाढत्या वस्त्यांचा हिशेब

पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्यांदा हातात पडते ती केंद्र सरकारच्या सीपीएचईईओची २०१९ ची नियमावली. काम मेहनतीचं आहे, जरूर वाचा. पण बारामती, इंदापूरसारख्या गावांच्या कडेला वाढणाऱ्या वस्त्यांना ती जशीच्या तशी लावली की काही ठिकाणी अडखळायला होतं. तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडण्याची शक्यता आहे, म्हणून हा लेख.

आधी जागा समजून घेऊ. जळोची, रुई, तांदूळवाडी ही गावं बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आली. शेतांचे एनए प्लॉट झाले, जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दुष्काळी पट्टा. त्यामुळे 'इथे कसला पूर?' हा प्रश्न बैठकीत सहज विचारला जातो. मे २०२५ मध्ये पावसाळ्याआधीच दोन्ही तालुक्यांत एवढा पाऊस झाला की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. गटार तुंबतं ते तासाभरात किती पडलं यावर. वार्षिक सरासरी त्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता सूत्राकडे. प्रवाह काढायची नेहमीची पद्धत १८८९ मध्ये अमेरिकेत एमिल क्विकलिंगने मांडली: अपवाह गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २० हेक्टरचा लेआउट, तासाला ६० मिलिमीटर पाऊस. शेत असताना गुणांक ०.३ धरला तर तासाला ३,६०० घनमीटर पाणी वाहतं. डांबर, काँक्रीट, पत्रे आले आणि गुणांक ०.७ झाला, की ८,४०० घनमीटर. फरक ४,८०० घनमीटरचा. हे जादा पाणी तासभर धरून ठेवायचं, तर दीड मीटर खोलीचं ३,२०० चौरस मीटरचं तळं लागेल. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार एवढ्या लेआउटला १० टक्के, म्हणजे २ हेक्टर खुली जागा सोडावी लागते. तळं त्याच्या साधारण सहाव्या हिश्शात बसतं. म्हणजे जागा आहे!

मग अडतं कुठे? पहिली अडचण गुणांकाची. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते, सुरुवातीचं पाणी गटागटा पिते. तीच माती ऑक्टोबरात फुगून घट्ट होते आणि पाणी वरून निघून जातं. एकाच जमिनीचे दोन गुणांक झाले. तक्त्यात मात्र एकच छापलेला असतो. 'तळ्यात पाणी मुरेल' हे गृहीतकही काळ्या मातीवर तपासल्याशिवाय लिहू नका.

दुसरी अडचण रस्त्याची, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. नकाशावर आधी रस्ते आखले जातात, मग प्लॉट पडतात आणि उरलेला कोपरा खुली जागा म्हणून दाखवला जातो. तो कोपरा उताराच्या वरच्या अंगाला असेल तर पाणी तिथे चढून जाणार आहे का? रस्ता थेट उतारावरून खाली नेला की तोच ओढा होतो. पाणी लवकर जमतं, आणि जमायचा वेळ कमी झाला की हिशेबात धरायची तीव्रता वाढते. भराव टाकून रस्ता आडवा नेला आणि मोरी लहान ठेवली, की तोच बांध होतो. म्हणजे रस्त्याची आखणी हाच निचऱ्याचा पहिला निर्णय असतो. नियमावलीत पाणी साठवण्याचा विचार आहे, पण वेगळ्या प्रकरणात. रस्ते ठरून गेल्यावर ते प्रकरण उघडलं तर उपयोग किती?

तिसरी अडचण शब्दाची. आपल्या भागात तळं म्हणजे शेततळं: प्लास्टिक अंथरलेलं, डाळिंबाच्या बागेसाठी काठोकाठ भरून ठेवलेलं. पुराचं पाणी धरायचं तळं मात्र पावसाआधी रिकामं हवं. दुष्काळी तालुक्यात लोकांना रिकामं तळं 'वाया गेलेलं' वाटणार, आणि त्यांचं चूक नाही. मग खाली साठ्याचा भाग आणि वर मोकळी ठेवायची जागा, असं दुहेरी तळं जमेल का? गाळ कोण काढेल? हे प्रश्न आकड्यांइतकेच संशोधनाचे आहेत.

हे सगळं कोणाच्या अंगावर येतं तेही बघा. १९९३ च्या जुन्या नियमावलीत शहराच्या कडेच्या निवासी भागात गटार वर्षातून दोनदा ओसंडलं तरी चालेल असं धरलं होतं, मध्यवर्ती महाग भागात एकदा. २०१९ मध्ये हे निकष कडक झाले, पण शहर मोठं तसं संरक्षण जास्त, हा क्रम राहिला. लहान गावाच्या कडेची वस्ती या क्रमात शेवटी येते. तिचं जादा पाणी जातं खालच्या ओढ्याकाठच्या घरांत, ज्यांना नव्या रस्त्याचा काहीच फायदा झालेला नसतो.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला आलेला पूर नाझरे धरणातून सोडलेल्या पाण्याचा होता. तसल्या पुरापुढे लेआउटमधलं तळं काही करू शकत नाही. प्रस्तावात 'पूरनियंत्रण' असा मोघम शब्द टाकलात तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील: नदीचा पूर की ओढ्याचा?

प्रस्ताव लिहिताना एवढं करा: एकच ओढा निवडा, त्यावरच्या सगळ्या मोऱ्या मोजा, वरच्या क्षेत्राचा उतार काढा आणि दर तासाच्या पावसाची नोंद मिळवा. मिळाली नाही तर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवणं हेच पहिल्या वर्षाचं काम समजा. मोठ्या शहराचा तीव्रता-आलेख उसना घेऊन काढलेलं उत्तर दशांशापर्यंत नेमकं दिसेल, पण ते त्या शहराचं उत्तर असेल.